लोजबानच्या मराठी व्याख्यांत जागा कशा लिहायच्या? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान कोणासाठी आहे?

लोजबान शिकणाऱ्या आणि शिकता शिकता तिच्या शब्दांच्या मराठी व्याख्या लिहू पाहणाऱ्या मंडळींसाठी. कोल्हापुरात आम्ही काही जण अशी मराठी शब्दसूची करतो आहोत. प्रत्येक जण व्याख्या आपापल्या तऱ्हेने लिहू लागला, की सूची एका हातची राहत नाही आणि शिकणाऱ्याला प्रत्येक नोंद नव्याने उलगडावी लागते. म्हणून जागा दाखवण्याची एकच रीत असावी असा आमचा आग्रह आहे. त्या रीतीबद्दल जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, त्यांची उत्तरे इथे दिली आहेत.

लोजबान म्हणजे काय, थोडक्यात सांगाल?

तर्कशास्त्राच्या पायावर मुद्दाम घडवलेली भाषा. जेम्स कुक ब्राउन यांनी १९५५ मध्ये लोगलान नावाच्या भाषेवर काम सुरू केले. भाषेचा विचारावर परिणाम होतो का, हे त्यांना तपासायचे होते. पुढे १९८७ मध्ये लॉजिकल लँग्वेज ग्रुपने त्याच कल्पनेवर लोजबान उभी केली आणि जॉन कॉवन यांनी लिहिलेले तिचे सविस्तर व्याकरण १९९७ मध्ये प्रसिद्ध झाले. तिचे मूळ शब्द, म्हणजे गिस्मू, तेराशेहून अधिक आहेत. प्रत्येक गिस्मू रोमन लिपीत नेमका पाच अक्षरांचा. ते घडवताना सहा भाषांमधले शब्द विचारात घेतले होते आणि त्यांत हिंदीही होती.

आणि ‘जागा’ म्हणजे?

लोजबानचा प्रत्येक मूळ शब्द हा एक संबंध असतो आणि त्या संबंधात किती जण, कोणत्या क्रमाने येणार हे आधीच ठरलेले असते. ‘क्लामा’ घ्या. अर्थ जाणे किंवा येणे. त्याला पाच जागा आहेत: पहिली जाणाऱ्याची, दुसरी जिथे पोचायचे त्या ठिकाणाची, तिसरी जिथून निघायचे त्याची, चौथी वाटेची, पाचवी वाहनाची. ‘मी कोल्हापूरहून वाघबीळमार्गे एसटीने पन्हाळ्याला जातो’ या वाक्यात पाचही जागा भरल्या आहेत.

मराठीत ‘हून’, ‘मार्गे’, ‘ने’, ‘ला’ हे प्रत्येकाचे काम सांगतात, म्हणून शब्द मागेपुढे झाले तरी बिघडत नाही. लोजबानमध्ये हे काम मुख्यतः क्रम करतो. पन्हाळा आणि कोल्हापूर यांची अदलाबदल झाली, की प्रवास उलटा. क्रम मोडायचाच असेल तर फा, फे, फी, फो, फू हे पाच छोटे शब्द आहेत. ते अनुक्रमे पहिली ते पाचवी जागा दाखवतात. पण तिसरी जागा कशाची आहे हे मुळात ठाऊक हवे आणि ते सांगण्याची जबाबदारी व्याख्येवर येते.

लोजबानचे शब्द देवनागरीत कसे वाचायचे?

रोमनमधला ‘सी’ इथे श, ‘जे’ इथे ज (इंग्रजी ‘व्हिजन’मधल्या मऊ आवाजासारखा), ‘झेड’ इथे झ, ‘एक्स’ इथे घशातून घासत येणारा ख, आणि अपॉस्ट्रॉफीची वरची खूण म्हणजे ह. लोजबानमध्ये ऱ्हस्व-दीर्घ असा भेद नाही, म्हणून शब्दाच्या शेवटचे इकार-उकार आम्ही मराठीच्या नेहमीच्या नियमाने दीर्घ लिहितो: गिस्मू, सुम्ती, वेश्नू.

जागेसाठी ‘क्ष१’ असेच का?

आमच्या व्याख्यांत पहिली जागा क्ष१, दुसरी क्ष२, अशी खूण असते. शाळेच्या बीजगणितात अज्ञात राशीला आपण ‘क्ष’ म्हणत आलो आहोत, त्यामुळे मराठी वाचकाला हे वेगळे समजावून सांगावे लागत नाही. लोजबानच्या मूळ इंग्रजी सूचीतही बीजगणितातलेच अक्षर आणि त्याला जोडलेला आकडा आहे. काही जण ‘कोणीतरी’, ‘अमुक’, ‘तमुक’ असे लिहितात. दोन जागांपर्यंत ते चालते, पाच जागांना पुरत नाही.

आकडा नेहमी देवनागरी आणि अक्षराला चिकटून. आकडा खाली बारीक लिहायची सुंदर पद्धत छापील पुस्तकात शोभते, पण मजकूर एका ठिकाणाहून दुसरीकडे चिकटवताना ती हमखास मोडते.

जुन्या इंग्रजी व्याख्यांत एवढी अडचण काय आहे?

खुणा आहेत, पण एकच खूण अनेक कामे करते. ‘दुन्दा’ म्हणजे देणे. त्याच्या मूळ व्याख्येत पहिल्या जागेचे नाव, म्हणजे दाता, जागेच्या नंतर चौकटी कंसात येते. दुसऱ्या जागेचे नाव, भेटवस्तू, जागेच्या आधी येते आणि कंस नाही. तिसऱ्याचेही तसेच. मग शेवटी पुन्हा चौकटी कंस येतो, पण त्यात कोणत्याच जागेचे नाव नसते. ‘मोबदला न घेता’ अशी संपूर्ण क्रियेची अट तिथे असते. एका ओळीत नाव सांगण्याच्या दोन तऱ्हा आणि त्याच कंसाचे दोन अर्थ. इंग्रजी जाणणारा माणूस अंदाजाने वाचून नेतो. पण हीच ओळ जशीच्या तशी मराठीत आणली, तर वाचणाऱ्याला कंसातला शब्द जागेचा की क्रियेचा हे कळायला काही आधार उरत नाही.

तिरक्या रेघेचे त्याहून कठीण. ‘वेश्नू’, म्हणजे विकणे, याच्या व्याख्येत ती रेघ मुख्यतः समानार्थी शब्द जोडते. ‘त्रोशी’, म्हणजे प्रयत्न करणे, याच्या दुसऱ्या जागेला ‘घटना/स्थिती/गुणधर्म’ असे लिहिले आहे आणि तिथे तीच रेघ तीन वेगवेगळे पर्याय दाखवते. या तीन पर्यायांनी वाक्याचा अर्थ बदलतो, त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

मग तुम्ही काय सुचवता?

वाक्य वेगळे आणि जागांची यादी वेगळी. आमचे मुख्य म्हणणे एवढेच आहे, बाकीचे नियम त्यातून आपोआप निघतात. नोंद अशी दिसते:

दुन्दा. क्ष१-ने क्ष३-ला क्ष२ देणे.
जागा: क्ष१ दाता, क्ष२ दिलेली वस्तू, क्ष३ घेणारा.
टीप: मोबदल्याशिवाय.

वाक्यात फक्त क्ष आणि प्रत्यय. यादीत प्रत्येक जागेचे नाव, नेहमी प्रथमेत, नेहमी १, २, ३ याच क्रमाने. जागेत कोणत्या प्रकारची गोष्ट बसते ते नावापुढे गोल कंसात. संपूर्ण क्रियेची अट टिपेत. चौकटी कंस आणि तिरकी रेघ कुठेच नाही. खरोखरचा पर्याय असेल तिथे ‘किंवा’ लिहायचे, समानार्थी शब्द असेल तर स्वल्पविराम.

इंग्रजीत सगळे एकाच वाक्यात बसते. मराठीत का नको?

कारण मराठी नाम प्रत्ययाआधी रूप बदलते. ‘घेणारा क्ष३-ला’ असे कोणी म्हणणार नाही, ‘घेणाऱ्या क्ष३-ला’ म्हणावे लागते. दाता असेल तर ‘दात्या’, वाट असेल तर ‘वाटे’, रस्ता असेल तर ‘रस्त्या’. जागेचे नाव वाक्यात घुसवले, की ते सामान्यरूपात जाते. पुढे कोणी ‘घेणारा’ हा शब्द शोधला, तर तो सापडत नाही. इंग्रजी नामाला ही अडचण नाही, म्हणून त्यांची सोय ती आपली सोय होत नाही. क्ष१ मात्र कधीच वाकत नाही. त्याला कोणताही प्रत्यय जोडा, तो तसाच राहतो.

प्रत्यय जोडताना मधे आडवी छोटी रेघ द्यावी: क्ष२-ला, क्ष३-हून, क्ष४-मार्गे. शब्दयोगी अव्ययालाही तसेच.

क्रियापद कोणत्या रूपात लिहायचे? जातो, जाते, की जाणे?

जाणे. या प्रश्नावर आमच्यात सर्वांत जास्त वाद झाला, म्हणून कारणे नीट सांगतो.

‘क्ष१ जातो’ असे लिहिले, की क्ष१ पुरुष झाला. लोजबानच्या शब्दाला लिंग नाही. ‘जातो/जाते’ लिहिले तर रेघ परत आली, शिवाय अनेकवचन बाहेरच राहिले. काळाचेही तसेच. नुसत्या ‘क्लामा’त काळ नसतो, पण ‘जातो’मध्ये वर्तमान आणि रीत दोन्ही डोकावतात. भूतकाळ घ्यावा तर मराठीत ‘तो गेला’ पण ‘त्याने खाल्ले’. म्हणजे कर्त्याचा प्रत्यय क्रियापदागणिक बदलणार आणि खाल्ला, खाल्ली, खाल्ले हे कर्मावर अवलंबून राहणार. ‘-णे’ रूपात लिंग, वचन, काळ काहीच येत नाही. आपल्या शब्दकोशांतही क्रियापद त्याच रूपात असते.

काहींना हे रूप कोरडे वाटते. ‘क्ष१-ने क्ष२ खाणे’ हे बोलण्यातले वाक्य नाही हे मान्य. व्याख्येखाली एक बोलते उदाहरण द्या, म्हणजे तो कोरडेपणा भरून निघतो.

आणि विशेषणे, नामे? ‘बार्दा’ म्हणजे मोठा, मोठी की मोठे?

मोठे. पुढच्या जागा सोडून नोंद अशी: ‘क्ष१ मोठे असणे.’ लिंग ठाऊक नसेल तिथे मराठी आपण होऊन नपुंसकलिंग वापरते. दार वाजले, की आपण ‘कोणीतरी आले आहे’ असेच म्हणतो. ‘म्लातू’साठी ‘क्ष१ हे क्ष२ जातीचे मांजर असणे’.

क्ष१ म्हणजे कर्ता आणि क्ष२ म्हणजे कर्म, असे धरून चालावे का?

अजिबात नाही. सर्वांत जास्त नोंदी याच समजुतीने बिघडतात. आकडा फक्त क्रम सांगतो, कारक सांगत नाही. ‘नेल्शी’ला दोन जागा आहेत आणि मराठीत ती नोंद ‘क्ष१-ला क्ष२ आवडणे’ अशी होते. इथे पहिली जागा ‘ला’ घेऊन येते. ‘क्ष१-ने क्ष२ आवडणे’ लिहिणारे भेटतात, ते केवळ पहिली जागा कर्त्याची असा समज असल्यामुळे. ‘फार्लू’, म्हणजे पडणे, याला ‘ने’ही नको आणि ‘ला’ही नको: ‘क्ष१ क्ष३-वरून क्ष२-वर पडणे’ (चौथी जागा इथे सोडली आहे). पाऊस पडतो, फांदी पडते, ते काही ठरवून करत नाहीत.

मराठीत ‘-णे’ रूपाबरोबर करणाऱ्याला ‘ने’, अनुभवणाऱ्याला ‘ला’ आणि ज्याच्याबाबत नुसते घडते त्याला काहीच नाही. इंग्रजी व्याख्येत तिन्ही सारखेच दिसतात. आपल्या व्याख्येत ते वेगळे दिसू शकतात आणि माझ्या मते मराठी सूचीचे हे सर्वांत मोठे बळ आहे. ते वाया घालवू नये.

‘द्जुनो’, म्हणजे माहीत असणे, ही मला फार आवडणारी नोंद. ‘क्ष१-ला क्ष३-बद्दल क्ष२ माहीत असणे, आधार क्ष४.’ चौथी जागा कशाच्या आधारे माहीत आहे ते विचारते. पाहिले म्हणून, अनुमान काढले म्हणून, की कोणी विश्वासू माणसाने सांगितले म्हणून. न्यायशास्त्रात, म्हणजे आपल्या जुन्या तर्कशास्त्रात, यालाच प्रमाण म्हणतात. यादीत ‘क्ष४ प्रमाण’ एवढे लिहिले की पुरते. या जागेला दुसऱ्या भाषेत इतके नेमके नाव मिळणे कठीण.

वाक्यातही जागा १, २, ३ अशाच क्रमाने आल्या पाहिजेत का?

नाही. यादी आकड्यांच्या क्रमाने असते, म्हणून वाक्य मोकळे सोडता येते. ‘क्लामा’ची नोंद आम्ही अशी करतो: ‘क्ष१-ने क्ष३-हून क्ष४-मार्गे क्ष५ वापरून क्ष२-ला जाणे किंवा येणे.’ मराठी माणूस आधी कुठून ते सांगतो, मग कुठे. लोजबानमध्ये आधी कुठे, मग कुठून. ‘बेव्री’ (वाहून नेणे) आणि ‘बेन्जी’ (पाठवणे) यांतही पोचण्याची जागा निघण्याच्या जागेआधी येते. हे एकदा लक्षात ठेवले, की बरेच शब्द सोपे जातात.

‘क्ष५-ने’ न लिहिता ‘क्ष५ वापरून’ का लिहिले?

कारण ‘क्ष१-ने’ आधीच आला आहे. कर्ता आणि साधन दोघांनाही मराठीत तृतीयाच लागते. ‘मी एसटीने गेलो’ यात संदिग्धता नसते, पण ‘क्ष१-ने क्ष५-ने’ यात दोन्ही क्ष सारखेच दिसतात. एका वाक्यात एकच प्रत्यय दोन जागांना येऊ द्यायचा नाही, असा नियमच करून टाका.

गोल कंसातले ‘प्रकार’ कोणते?

आम्ही मोजकेच ठेवले आहेत: घटना, विधान, गुणधर्म, मजकूर, संख्या. काहीच लिहिले नसेल तर माणूस, वस्तू, ठिकाण असे काहीही बसते. लोजबानमध्ये घटनेसाठी ‘नू’, विधानासाठी ‘दुहू’, गुणधर्मासाठी ‘का’ हे शब्द वापरून वाक्याचे नाम करतात. ‘द्जुनो’च्या दुसऱ्या जागेत विधान बसते. कोणी तिथे माणूस बसवला, तर ‘मला तो माहीत आहे’ असे काहीतरी म्हणायचे असेल, पण त्यासाठी ‘द्जुनो’ नाही.

गुणधर्म हा प्रकार सर्वांत नाजूक आहे. गुणधर्म म्हणजे एक जागा मोकळी ठेवलेले विधान. ती मोकळी जागा ‘शेहू’ या शब्दाने दाखवतात. प्रश्न असा, की ती कोण भरणार? आता ‘त्रोशी’कडे वळू. तालमीतला पठ्ठ्या कुस्ती जिंकण्याचा प्रयत्न करतो. दुसऱ्या जागेत गुणधर्म असेल, तर ‘जिंकणारा’ ही मोकळी जागा प्रयत्न करणाराच भरतो. वेगळे सांगावे लागत नाही. घटना असेल, तर कोण जिंकावे ते स्पष्ट सांगावे लागते आणि तो प्रयत्न करणाऱ्याहून वेगळा असू शकतो. वस्ताद प्रयत्न करतात, की पठ्ठ्याने खासबागेत कुस्ती मारावी. दोन्ही खरी परिस्थिती आहे, पण एकाच कंसात रेघ मारून दोन्ही ठेवले तर शिकणाऱ्याने कोणती रचना वापरायची?

म्हणून आमची नोंद: ‘क्ष२ (क्ष१-चा गुणधर्म)’. मोकळी जागा कोणाची ते षष्ठीनेच कळते. वस्तादांच्या उदाहरणासाठी ‘किंवा घटना’ अशी दुसरी ओळ खाली द्यावी.

जागेचे नाव देताना मराठी सवय आड येते का?

येते. ‘शुत्शी’ म्हणजे पायताण, चप्पल, बूट. दुसरी जागा पायाची, तिसरी कशापासून बनले त्याची. कापशी चप्पल म्हटली, की तिसऱ्या जागेत चामडे हे कोल्हापूरकराला सांगावे लागत नाही. पण दुसऱ्या जागेत बहुतेक जण माणूस बसवतात, कारण आपण ‘माझी चप्पल’ म्हणतो. यादीत ‘क्ष२ पाय’ असे स्वच्छ लिहा. ‘घालणारा’ नको.

तशीच ‘वेश्नू’ची चौथी जागा. ती रकमेची आहे, दराची नाही. गुळाच्या सौद्यात आपण क्विंटलमागे भाव बोलतो, म्हणून ‘भाव’ हा शब्द सहज येतो, पण व्याख्येत ‘क्ष४ एकूण रक्कम’ असे लिहायला हवे.

सौद्यात अडत्या असतो. त्याची जागा कुठली?

‘वेश्नू’मध्ये विकणारा, माल, घेणारा आणि रक्कम एवढेच आहेत. अडत्याला जागा नाही आणि आपण ती वाढवायची नाही. पाचवी जागा मनाने जोडलेली नोंद ही चुकीची नोंद. संबंधाबाहेरच्या कोणाला आणायचे असेल तर लोजबानमध्ये ‘फिहो’सारखी वेगळी सोय आहे. ती वाक्य करणाऱ्याने वापरावी. व्याख्येचा तिच्याशी संबंध नाही.

एखादी जागा भरायची नसेल तर?

न भरलेली जागा नाहीशी होत नाही. तिथे ‘झोहे’ आहे असे धरतात, म्हणजे काहीतरी आहे पण सांगितलेले नाही. जागाच काढून टाकायची असेल तर ‘झिहो’. ‘झ्बासू’, म्हणजे बनवणे, याला तीन जागा: बनवणारा, बनलेली वस्तू, कच्चा माल. गुऱ्हाळात गुळव्या रसापासून गूळ करतो तेव्हा तिन्ही भरतात. ‘सजीव पेशींचे बनलेले असतात’ म्हणताना बनवणारा कोणी अभिप्रेत नसेल, तर पहिल्या जागेत ‘झिहो’ येतो. व्याख्येत एखाद्या जागेपुढे ‘ऐच्छिक’ असे मात्र कधी लिहू नका. तशी जागा लोजबानमध्ये नसते.

जोडशब्दांचे काय?

जोडशब्द म्हणजे लुज्वो. कॉवन यांच्या व्याकरणात त्यांच्या जागा घटक शब्दांच्या आद्याक्षरांनी दाखवल्या आहेत आणि ती पद्धत उत्तम आहे. ‘गेर्झ्दा’ म्हणजे कुत्र्याचे घर, ‘गेर्कू’ (कुत्रा) आणि ‘झ्दानी’ (घर) मिळून. त्याची यादी: क्ष१ = झ१ घर; क्ष२ = झ२ = ग१ कुत्रा; क्ष३ = ग२ कुत्र्याची जात. घरात राहणारा आणि कुत्रा एकच, हे बरोबरच्या चिन्हाने दिसते. दोन्ही घटकांची आद्याक्षरे एकच असतील तर पहिले पूर्ण अक्षर मात्रेसकट लिहा.

संगणकासाठी काही वेगळे करावे लागते का?

फारसे नाही. ‘क्ष’ आणि लगेच पुढे देवनागरी आकडा, हा नमुना शोधला की सगळ्या जागा सापडतात. ‘क्षण’ किंवा ‘पक्ष’ यांच्याशी गोंधळ होत नाही, कारण त्यांच्यापुढे आकडा नसतो. देवनागरी १ आणि इंग्रजी 1 ही संगणकाच्या लेखी दोन वेगळी चिन्हे आहेत, म्हणून सरमिसळ टाळा.

आपल्या शास्त्रांत असा विचार आधी झाला आहे का?

वाक्याचा अर्थ कसा लागतो याची चर्चा करताना आपल्या शास्त्रकारांनी आकांक्षा आणि योग्यता हे वेगळे निकष सांगितले. ‘देतो’ म्हटले, की कोण, काय, कोणाला ही अपेक्षा उभी राहते, ती आकांक्षा. तिथे येणारा शब्द अर्थाने बसतो का, ती योग्यता. आमच्या नोंदीतले आकडे आकांक्षेचे काम करतात आणि कंसातले प्रकार योग्यतेचे. दोन्ही वेगळ्या खुणांनी लिहायचे, याला त्यामुळे मला फार जुना आधार वाटतो.

या पद्धतीने मूळ व्याख्या बदलतात का?

नाही. किती जागा, कोणत्या क्रमाने, हे जसेच्या तसे राहते. बदलते ते फक्त लिहिणे.

मला मदत करायची आहे. सुरुवात कुठून करू?

रोजच्या क्रियांपासून: जाणे, देणे, विकणे, खाणे, बोलणे. प्रत्येक नोंद लिहून झाली, की दुसऱ्या कोणाला फक्त जागांची यादी दाखवा, वाक्य झाकून ठेवा, आणि त्यांना स्वतः मराठी वाक्य करायला सांगा. त्यांचे वाक्य तुमच्या वाक्याशी जुळले नाही, तर आधी यादीतली नावे दुरुस्त करा, मग वाक्याकडे बघा.